टीव्हीवरच्या स्पर्धेत दिव्यांग कलाकार: गाणं सुरू होण्याआधी काय काय ठरलेलं असतं

टीव्हीवरच्या एका तासात कार्यक्रम असतो साधारण ४८ मिनिटं. नियमाप्रमाणे ताशी जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींना जातात. त्या ४८ मिनिटांत सहा-सात स्पर्धक, सूत्रसंचालकाचे विनोद, आलेल्या पाहुण्यांच्या चित्रपटाचं कौतुक आणि परीक्षकांच्या आठवणी बसवायच्या असतात. एका स्पर्धकाच्या वाट्याला सहा-सात मिनिटं येतात आणि त्यात प्रत्यक्ष गाणं किंवा नाच दीड-दोन मिनिटांचा. स्पर्धक दिव्यांग असेल तर पुढच्या वेळी घड्याळ लावून मोजा: त्याच्या आजारपणावर, आईच्या कष्टांवर आणि परीक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर किती वेळ गेला आणि कलेवर किती? हा एकच आकडा त्या कार्यक्रमाबद्दल बरंच सांगून जातो.

पुण्यात अशा स्पर्धांची तयारी करणारी मुलं कमी नाहीत. कोरेगाव पार्कच्या अंधशाळेपासून पेठांमधल्या गाण्याच्या क्लासपर्यंत कुठे ना कुठे एखादी दृष्टिहीन मुलगी मध्यमाची परीक्षा देत असते, एखादा कर्णबधिर मुलगा गॅदरिंगमध्ये नाच बसवत असतो. त्यांच्या घरच्यांना आणि शिक्षकांना पहिला प्रश्न पडतो तो गाण्याच्या निवडीचा. खरं तर स्पर्धा बरीचशी जिंकली किंवा हरली जाते ती कॅमेरा सुरू होण्याआधी. रॅम्प, गाण्याचे बोल कुठल्या स्वरूपात येतात, कानातला मॉनिटर (गायकाला साथ आणि स्वतःचा आवाज ऐकवणारा इअरफोन), शॉट किती जवळचा, करारातलं एखादं वाक्य, अशा नीरस गोष्टींवर.

रडवणारी एव्ही

स्पर्धकाची ओळख करून देणाऱ्या फितीला शूटिंगच्या भाषेत ‘एव्ही’ म्हणतात. टीम घरी येते, अर्धा दिवस चित्रीकरण करते आणि त्यातली दीड-दोन मिनिटं वापरते. प्रश्न ठरलेले असतात: सगळ्यात वाईट दिवस कोणता, लोक काय बोलले, मूल असं आहे हे कळलं तेव्हा आई काय म्हणाली. उत्तर देताना आवाज कापला की तोच तुकडा घेतात. यात कोणाचा दुष्टपणा असतो असं नाही. प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो आणि रडणाऱ्या आईवरून चॅनल बदलायला माणूस कचरतो, एवढा साधा हिशेब आहे. पण त्या हिशेबात दहा वर्षांची तालीम गायब होते आणि स्पर्धक गायक न राहता ‘केस’ होऊन जातो.

ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या व्हीलचेअर वापरणाऱ्या पत्रकार आणि विनोदी कलाकार होत्या. २०१४ साली सिडनीतल्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी हेच मांडलं: धडधाकट माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल बरं वाटावं म्हणून दिव्यांग माणसाला प्रेरणेची वस्तू करू नका. आपल्याकडे ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल दिला. वाद एका चित्रपटाचा होता, पण न्यायालयाने एकूण दृश्य माध्यमांसाठी काही सूत्रं घालून दिली. हिणवणारे शब्द नकोत, ‘बिचारा’, ‘पीडित’ असा सूर नको, टिंगल नको आणि तिचं दुसरं टोक असलेला अलौकिक शक्तींचा महापुरुषही नको. शिवाय चित्रण करताना ज्यांचं चित्रण होतंय त्यांचा सल्ला घ्या. एव्ही बनवणाऱ्या टीमशी बोलताना या निकालाचा उल्लेख करायला हरकत नाही. भांडायला म्हणून नव्हे, मुद्दा वैयक्तिक आवडीनिवडीचा नाही हे कळावं म्हणून.

नुसतं ‘असं दाखवू नका’ म्हटलं तर टीमची अडचण होते, कारण त्यांना दोन मिनिटं भरायची असतात. म्हणून पर्यायी दृश्यं आपणच सुचवावीत: गुरुजी तिसऱ्यांदा कोमल धैवत दुरुस्त करून घेतायत, मुलगी मोबाइलवर बोल ऐकून ब्रेलमध्ये उतरवून घेतेय, मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर बसून दुसऱ्या स्पर्धकांची नक्कल करतेय. आणि काय चित्रित करायचं नाही तेही आधीच सांगावं. अंघोळ, कपडे घालणं, भरवणं, कृत्रिम पाय काढणं ही दृश्यं एकदा दिली की ती कायमची इंटरनेटवर राहतात.

गाण्याच्या निवडीवरही लक्ष ठेवा. दृष्टिहीन गायिकेला डोळ्यांचं किंवा उजेडाचं गाणं देण्याची क्रिएटिव्ह टीमला फार हौस. एकदा ठीक, तिसऱ्या आठवड्यातही तेच आलं तर स्पष्ट नाही म्हणावं.

ऑडिशनचा अर्ज आणि कोणाला काय सांगायचं

अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना असला तर बहुतेक जण तिथे आजाराचं नाव आणि टक्केवारी लिहितात. आयोजकाला त्याचा उपयोग शून्य. त्याला हवं असतं ‘काय लागेल’ ते. उदाहरणार्थ: ‘पांढरी काठी वापरते. सोबत एक व्यक्ती विंगेपर्यंत येईल. गाण्याचे बोल ४८ तास आधी युनिकोड मजकुरात हवेत.’ एवढं पुरतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावाचाच प्रकार धरलेला आहे, त्यामुळे ही मागणी उपकार म्हणून करायची गरज नाही. फक्त लेखी करा, फोनवर नको.

आणि योग्य माणसाकडे करा. क्रिएटिव्ह टीम गोष्ट रचते, प्रॉडक्शन गाडी, खोली आणि वेळापत्रक बघतं, रॅम्प बांधतो तो आर्ट विभाग आणि कानातला आवाज साउंडवाल्यांच्या हातात असतो. क्रिएटिव्हमधल्या गोड बोलणाऱ्या मुलीला सांगितलेलं बाकी तिघांपर्यंत पोचेलच असं नाही. एकाच ईमेलमध्ये सगळ्यांना घ्यावं.

पुण्याहून जाणाऱ्यांची आणखी एक अडचण. बहुतेक मोठे सेट गोरेगाव किंवा मीरा रोड बाजूला असतात आणि बोलावणं सकाळी ७ चं असतं. डेक्कन क्वीन पुण्याहूनच सव्वासातला सुटते. म्हणजे आदल्या दिवशी पोचून राहायला हवं आणि ते राहणं, सोबतच्या माणसासकट, निर्मात्याच्या खर्चाने व्हायला हवं. रात्रभर प्रवास करून आलेल्या गळ्याला टीव्हीवर कोणी माफ करत नाही.

दृष्टिहीन गायक

सेटवर गायकांसमोर एक मोठा पडदा असतो, त्यावर बोल सरकत असतात. घरी बसून ‘एवढी गाणी पाठ कशी?’ म्हणून कौतुक करणाऱ्यांना तो दिसत नाही. दृष्टिहीन गायकाला तो पडदा निरुपयोगी, त्याला खरोखरच पाठ करावं लागतं. शूटिंगच्या आदल्या दिवशी गाणं बदलणं सेटवर नेहमीचं, आणि इथेच स्पर्धा असमान होते. उपाय सोपा आहे: सगळ्यांसाठी गाणं एकाच मुदतीत पक्कं करा, किंवा बदल झालाच तर त्या स्पर्धकाची पाळी दिवसाच्या शेवटी लावा.

बोल पाठवण्यातही घोळ होतात. वहीतल्या पानाचा फोटो पाठवला तर फोनमधला वाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी टॉकबॅकसारखी सोय, तो बहुधा नीट वाचू शकत नाही. जुन्या डीटीपीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तर निव्वळ अक्षरांचा कचरा म्हणून ऐकू येतो. व्हॉट्सॲपवर साधा टाइप केलेला मराठी मजकूर आणि सोबत चालीचं रेकॉर्डिंग, एवढंच हवं.

मग कानातला मॉनिटर. दोन्ही कान घट्ट बंद करणारे मॉनिटर घातले की सभागृहाचा आवाज नाहीसा होतो. डोळस गायकाचं त्याने फारसं अडत नाही, पण दृष्टिहीन गायकाला समोर कोण, मागे कोण हे आवाजावरूनच कळत असतं. मॉनिटर घातल्यावर दुसऱ्या कडव्यापर्यंत तो हळूहळू तिरका होतो, कॅमेऱ्यात तोंड एका बाजूला दिसतं आणि लोकांना वाटतं घाबरलाय. एक कान मोकळा ठेवणं हा झटपट मार्ग, पण मग दुसऱ्या कानातला आवाज वाढवला जातो आणि तो कान थकतो. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माइकचा थोडा आवाज मॉनिटरमध्ये मिसळणं चांगलं. स्टेजवर समोर एक जमिनीवरचा स्पीकर ठेवला तरी दिशा पक्की राहते.

उभं राहायची जागा पायाला कळायला हवी. दोन-तीन मिलिमीटर जाडीची दोरी चिकटपट्टीखाली लावली की पुरे. जास्त जाड लावली तर तीच पायात येते. माइक हातात देण्याऐवजी स्टँडवर ठेवला तर एक खात्रीचा आधार मिळतो. स्टेजच्या कडेच्या दोन फूट आधी खडबडीत पट्टी हवीच, कारण लेझर लाइट आणि धुराच्या भानगडीत खाली पडणारा माणूस दृष्टिहीनच असेल असंही नाही. विंगेतून आणताना खांद्याला धरून ढकलायचं नाही. त्याला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. परीक्षक धावत येऊन मिठी मारतात तेव्हा आधी स्वतःचं नाव सांगावं. आणि तिघेही परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत असतील तर ते कोणीतरी तोंडाने सांगायला नको का? बऱ्याचदा सांगत नाहीत, आणि स्पर्धक कोऱ्या चेहऱ्याने उभा राहतो.

२०२३-२४ च्या इंडियन आयडॉलमध्ये नेपाळहून आलेली मेनुका पौडेल गायली, त्याआधी आणि नंतरही वेगवेगळ्या मंचांवर दृष्टिहीन गायक आले. गायकीत त्यांना सूट लागत नाही हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. नाचाचंही तेच. ब्रिटनमधला दृष्टिहीन विनोदी कलाकार क्रिस मॅककॉसलंड २०२४ साली स्ट्रिक्टली कम डान्सिंग जिंकला. जोडीदारीण डायान बझवेलबरोबर तो नाच शिकला स्पर्शाने आणि शब्दांनी: पाय कुठे, वजन कुठल्या पायावर, हात कितपत वर.

कर्णबधिर कलाकार

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. ‘ऐकू येत नाही तरी नाचतो’ हे वाक्य कानावर पडलं की समजावं, बोलणाऱ्याने ताल म्हणजे काय याचा विचार केलेला नाही. ताल मोजता येतो, बघता येतो आणि अंगाला जाणवतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. तो एकदा शरीरात बसला की दोन मिनिटं टिकवणं हे सरावाचं काम आहे.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक म्हणजे जमीन. पोकळ लाकडी स्टेजवर ढोलकीचा आणि डग्ग्याचा खर्ज तळपायांना कळतो. काँक्रीटवर किंवा लोखंडी सांगाड्यावरच्या एलईडी फरशीवर तो फारसा पोचत नाही. वर्गात लाकडी जमिनीवर सराव केलेला मुलगा सेटवर एकदम बहिरा पडल्यासारखा होतो, तो यामुळे. खर्जाचा स्पीकर स्टेजलाच टेकवून ठेवला तर फरक पडतो. दुसरं, सुरुवात. गाणं तालाविना आलापाने सुरू होत असेल तर पकडायला काहीच नसतं, म्हणून बोटांवर चार मोजून इशारा देणारा माणूस लागतो. तो नाचणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात आणि कॅमेऱ्याच्या बाहेर हवा. नाचात पाठ वळणार असेल तर दुसऱ्या बाजूलाही एक हवा. तिसरं आणि सगळ्यात चीड आणणारं कारण म्हणजे आयत्या वेळी केलेला ट्रॅकमधला बदल. एडिटरने आठ मात्रा कापल्या आणि सांगितलं नाही, तर ऐकणारा कलाकार सावरून घेतो. हा सावरू शकत नाही आणि दोष मात्र त्याच्या बहिरेपणावर जातो.

श्रवणयंत्र मोठ्या आवाजात फाटल्यासारखा आवाज देतं, त्यामुळे बरेच जण नाचताना ते काढून ठेवतात. कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग डोक्याला चुंबकाने चिकटलेला असतो, गिरकीत उडून पडतो. पट्टीने बांधावा आणि पोशाखवाल्यांना आधीच सांगावं, नाहीतर ते वरून जड मुकुट घालतात.

सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो तो फक्त निकालाच्या वेळी नव्हे, तालमीतही. दिवसभराच्या शूटिंगला एक दुभाषी पुरत नाही. साधारण २०-३० मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं, म्हणून जोडी बोलवावी. ‘भाऊ बरोबर आहे ना, तो सांगेल’ हे चालवून घेऊ नका. भाऊ परीक्षकाची टीका गाळून फक्त कौतुक सांगतो, माया म्हणून. कॅमेऱ्याचं गणितही वेगळं: सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचा शॉट कमरेपासून डोक्याच्या थोडा वरपर्यंत हवा. चेहऱ्याचा जवळचा शॉट घेतला की हात चौकटीबाहेर जातात आणि त्याचं वाक्यच कापलं जातं.

परदेशातली तीन नावं इथे उपयोगी पडतील. २०१६ मध्ये नाइल डिमार्को अमेरिकेतली डान्सिंग विथ द स्टार्स जिंकला, २०२१ मध्ये रोझ एलिंग-एलिस ब्रिटनमधली स्ट्रिक्टली, दोघंही कर्णबधिर. रोझच्या एका नाचात मध्येच संगीत पूर्ण बंद केलं गेलं आणि ती आणि तिचा जोडीदार त्या शांततेत तसेच तालात नाचत राहिले. ना एव्ही, ना भाषण. प्रेक्षकांना जे कळायचं ते काही सेकंदांत कळलं. तिसरी मँडी हार्वी. कॉलेजच्या वयात तिची श्रवणशक्ती गेली. २०१७ च्या अमेरिकाज गॉट टॅलेंटमध्ये ती अनवाणी गायली, जमिनीतली कंपनं पायांना कळावीत म्हणून, आणि चौथी आली. सूर लावायला ती गळ्याच्या स्नायूंची स्मृती आणि डोळ्यांनी बघायचा ट्यूनर वापरून शिकली होती. हे तंत्र आपल्या एखाद्या कार्यक्रमाने नीट उलगडून दाखवावं, ते अश्रूंपेक्षा जास्त रंगेल.

व्हीलचेअर, कुबड्या, कृत्रिम पाय

रॅम्पचं सूत्र १ला १२: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. स्टेज तीन फूट उंच असेल तर रॅम्प ३६ फूट लांब आणि मध्ये टेकायला सपाट जागा. सेटवर इतकी जागा सोडायची तर ती नकाशातच असावी लागते. शूटिंगच्या सकाळी सुतार जे बनवतो तो आठ फुटांचा उतार असतो, आणि मग चार पोरं खुर्ची उचलतात. तेही कॅमेऱ्यात येतं, वर ‘सगळ्यांनी साथ दिली’ असं संगीत. परीक्षकांच्या आठ इंचांच्या चौथऱ्याला मात्र आठ फूट पुरतात. दरवाजा ९० सेंटिमीटर मोकळा हवा आणि खुर्ची वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर जागा. हे स्वच्छतागृहातही लागतं, तिथेच ते विसरलं जातं.

एलईडीची गुळगुळीत फरशी कुबड्यांची वैरी आहे. रबरी टोप्या झिजलेल्या असतील तर त्या आधी बदला, धूर सोडल्यावर फरशी ओलसर होते हे लक्षात ठेवा. कागदी कपटे उडवले की ते व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांच्या दांड्यात गुंडाळले जातात, पुढच्याच फेरीत चाक अडतं. त्यासाठी एक चिमटा आणि कात्री जवळ असलीच पाहिजे.

कृत्रिम पाय वापरणाऱ्याला नाचापेक्षा वाट पाहणं जड जातं. दिवसभरात उरलेल्या पायाचा आकार बदलतो, सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) सैल होतं, घामाने कातडी सोलते. जास्तीचे मोजे जवळ ठेवून थर कमी-जास्त करावे लागतात आणि मध्येमध्ये पाय काढून बसायला आडोसा लागतो. पुण्यात वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी हे काम करतंय, त्यामुळे या विषयातली जाणकार माणसं शहरात मिळतात. सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातानंतर जयपूर फूट लावून भरतनाट्यम पुन्हा उभं केलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे; पण कुठला पाय कुठल्या नाचाला चालतो, अनवाणी नाचायला काय लागतं, हे विचारायला फारसं कोणी जात नाही.

मणक्याच्या दुखापतीत खालच्या भागाला संवेदना नसते. अशा कलाकाराला दोरीने वर उचलायचं तर पट्टा कुठे रुततोय हे त्याला कळणार नाही. प्रत्येक तालमीनंतर कातडी तपासावी, लाल डाग पटकन गेला नाही तर त्या दिवशी पुन्हा लटकवू नये. दर चार-सहा तासांनी कॅथेटरची (लघवी काढायच्या नळीची) वेळ वेळापत्रकात लिहिलेली हवी. ती नसली की कलाकार पाणी पिणंच सोडतात आणि पुढच्या आठवड्यात ताप घेऊन बसतात.

स्वमग्नता आणि बोलण्यातली अडचण

दृष्टिहीन आणि स्वमग्न असलेला कोडी ली २०१९ मध्ये अमेरिकाज गॉट टॅलेंट जिंकला. अशा कलाकाराला गाणं जड नसतं. अचानक उसळणारा जल्लोष, फटाक्यांचा आवाज, रांगेतले चार तास जड असतात. काय होणार ते क्रमाने आधी सांगा, स्टेज रिकामा असताना एकदा फिरवून आणा, शांत खोली द्या. ली रिडली बोलू शकत नाही, यंत्राच्या आवाजात विनोद सांगतो. २०१८ मध्ये ब्रिटन्स गॉट टॅलेंट जिंकला. त्याचं सगळं कसब थांबण्यात आहे, हशा ओसरेपर्यंत पुढचं बटण दाबायचं नाही. एडिटरने ती थांबण्याची जागा कापली की विनोद मेला.

गुण आणि करार

परीक्षकांनी कधीच करू नये अशी गोष्ट म्हणजे कौतुकाची सूट. तार सप्तकात मुलीचा सूर चढतोय हे पहिल्या आठवड्यात सांगितलं तर ती सुधारेल. ‘बाळा, तू देवाचं रूप आहेस’ म्हटलं तर चौथ्या आठवड्यात ती बाहेर जाईल आणि का गेली ते तिला कधीच कळणार नाही. साधन बदलू द्या, वेळ द्या, पण सूर, ताल, उच्चार, सादरीकरण यांची मोजपट्टी सगळ्यांना एक.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचून घ्या, किंवा ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. चित्रीकरण ‘हवं तसं’ संपादित करण्याचा हक्क किती मोकळा आहे, वैद्यकीय माहिती दाखवायला वेगळी संमती घेतात की सरसकट, आणि शो संपल्यावर किती महिने दुसरीकडे गाता येणार नाही. दृष्टिहीन स्पर्धकाने करार आधी मजकूर स्वरूपात मागवावा. गर्दीत कोणीतरी घाईघाईने वाचून दाखवतोय आणि आपण अंगठा किंवा सही करतोय, असं होऊ देऊ नये.

शो संपल्यावर पुण्यातली मंडळं गणपतीत बोलावतात. तिथे सत्कार ठरतो, मानधनाचा विषय निघत नाही. ठरवताना साथीदार तबलजी आणि सोबतच्या माणसाचा प्रवास मानधनाव्यतिरिक्त धरावा, आणि मांडवाला किती पायऱ्या आहेत ते फोनवर न विचारता फोटो मागवून बघावं.